चार दगडांची पत्रिका

आमच्या किल्ल्याला दगड कमी पडले, त्या दिवाळीची ही गोष्ट आहे. साल १९६७. मी दहा वर्षांचा होतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात आम्ही पोरांनी प्रतापगड घातला होता. माती झाली, अळीव पेरून झाले, मावळे रांगेत उभे राहिले. पण बुरुजांना शोभतील असे दगड काही मिळेनात.

नेमके त्याच दिवशी नागपूरहून नानाकाका आले. नानाकाका म्हणजे माझे धाकटे चुलते. शाळेत भूगोल शिकवीत आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून रानोमाळ हिंडत. येताना संत्र्यांची करंडी आणायची हा त्यांचा नेम. त्या वर्षी करंडीबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार दगड होते आणि प्रत्येक दगडावर शाईने आकडा घातलेली एकेक चिठ्ठी डकवलेली होती.

माझ्या दृष्टीने ते देवानेच धाडलेले बुरुज होते! पण होते फार मळकट. मी ते बंबाच्या कढत पाण्यात बुचकळले, नारळाच्या शेंडीने खसाखसा घासले आणि किल्ल्याच्या चार कोपऱ्यांवर बसवले. चिठ्ठ्या मोरीतून केव्हाच वाहून गेल्या.

नरकचतुर्दशीच्या पहाटे नानाकाकांनी किल्ला पाहिला. ते खाली बसले. एकेक दगड उचलून त्यांनी उलटासुलटा केला आणि हळूच विचारले, "चिठ्ठ्या कुठे आहेत रे?"

"धुताना गेल्या."

"बरं," ते म्हणाले. तेवढेच. एक धपाटा घातला असता तर मी ही गोष्ट विसरून तरी गेलो असतो. भाऊबीज झाल्यावर ते दगड घेऊन पुण्यातल्या एका प्राध्यापकांकडे जायचे त्यांनी ठरवले होते. ते गेले नाहीत. आईने कारण विचारले तेव्हा म्हणाले, "बिनपत्त्याची पाकिटं घेऊन कुणाच्या दारात उभा राहू, वहिनी?"

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पन्नासांहून अधिक वर्षे लागली.

नानाकाका जाऊनही आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलीची मुलगी मुक्ता नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "मामा, माळा आवरताना नानाआजोबांचा डबा सापडला. दगड आहेत, आणि वहीही आहे. वहीत चारच ओळी आहेत. एक, सिलेवाडा. दोन, टाकळी. तीन, मोहगाव. चार, कातेरू, राजमहेंद्री. पण दगडांवर आकडेच नाहीत."

मी गप्प राहिलो. घरातल्या सर्वांना ती किल्ल्याची गोष्ट ठाऊक होती.

"चार दगड आहेत, चार गावं आहेत," ती हसत म्हणाली. "जोड्या लावायच्या आहेत. चिठ्ठ्या तुम्ही धुतल्या, तेव्हा जोड्या लावायलाही तुम्हीच या."

अशा रीतीने, वयाच्या ज्या टप्प्यावर लोक काशी-रामेश्वर करतात, त्या वयात मी दगडांच्या यात्रेला निघालो.

नागपूरला पहिल्या सकाळी तर्री-पोह्यांची बशी पुढे ठेवून मुक्ताने माझा वर्ग घेतला. "मामा, चिरोट्याचे पदर असतात ना, तसे जमिनीचे पदर असतात. जो पदर खाली, तो आधीचा. जो वर, तो नंतरचा. फार उलथापालथ झाली नसेल तर एवढा नियम पुरतो. १६६९ साली स्टेनो नावाच्या गृहस्थाने तो लिहून ठेवला. पण अडचण पुढे आहे. इथला एक पदर आणि पाचशे किलोमीटरांवरचा एक पदर, हे दोन्ही एकाच काळातले हे ओळखायचं कसं? मधली जमीन तर झिजून गेली, नाही तर मातीखाली गेली."

"रंगावरून?" मी म्हणालो.

"तिथेच फसगत होते. एकाच तळ्याचा गाळ या काठाला पांढरा असतो आणि त्या काठाला काळा. उलट दोन अगदी सारखे वालुकाश्म एकमेकांहून कोट्यवधी वर्षांनी दूर असू शकतात. रंग म्हणजे कपडे, मामा. कपड्यांवरून वय कळत नाही."

मग तिने मला विल्यम स्मिथची हकीकत सांगितली. हा इंग्लंडमधल्या एका लोहाराचा मुलगा. जन्म १७६९. त्याच्या लहानपणी खेड्यातल्या गवळणी लोणी तोलायला एक विशिष्ट गोल दगड वापरीत. ते दगड म्हणजे खरे तर समुद्रातल्या एका प्राण्याची अश्मीभूत कवचे होती. पुढे हा मुलगा मोजणीदार झाला आणि सॉमरसेट परगण्यात कोळसा वाहून नेण्यासाठी जो कालवा खणला जात होता त्याच्या कामावर लागला. कालव्याच्या कापात पदरामागून पदर उघडे पडत होते. त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक पदरात स्वतःचे असे शिंपले आहेत. ते ना खालच्या पदरात सापडत ना वरच्या. आणि मैलोगणती दूर गेले तरी तोच क्रम पुन्हा भेटतो. १७९९ साली बाथ गावी त्याने ओळखीच्या दोन पाद्र्यांना पदरांचा तक्ता सांगून लिहून घ्यायला लावला. त्यातल्या एकाजवळ शिंपल्यांचा मोठा संग्रह होता. स्मिथने तो सगळा पदरांच्या क्रमाने लावून दिला आणि कोणता शिंपला कोणत्या थरातला ते सांगितले.

"म्हणजे त्या पाद्र्याच्याही चिठ्ठ्या कुणीतरी धुतल्या होत्या म्हणायच्या," मी म्हणालो.

"तसं समजा हवं तर! पण पुढचं ऐका. १८१५ साली त्याने इंग्लंड-वेल्सचा भूस्तरीय नकाशा छापला. १८१९ साली कर्जापायी तुरुंगात गेला. आणि १८३१ साली तिथल्या भूगर्भ मंडळाने आपलं पहिलंवहिलं मानाचं पदक त्यालाच दिलं."

तरीही माझ्या डोक्यात एक शंका होतीच. कोणताही शिंपला चालतो का? यावर मुक्ताने जे उदाहरण दिले ते आमच्या पिढीला पटकन पटेल असे होते. समजा, पुण्यातला एक जुना वाडा पाडला आणि नागपुरातला एक. दोन्हीकडे जमिनीत थर आहेत. पुण्यातल्या एका थरात पाटा-वरवंटा सापडला, नागपुरातल्या एका थरात पाटा-वरवंटा सापडला. काही कळले का? काही नाही. पाटा-वरवंटा शेकडो वर्षे तसाच आहे. पण दोन्हीकडे 'नये पैसे' असे लिहिलेले नाणे सापडले तर? ही नाणी १९५७ साली आली आणि १९६४ साली त्यांतला 'नये' हा शब्द गेला. तेव्हा ते दोन्ही थर त्या काळातले किंवा त्यानंतर लगेचचे. मधल्या पाच-सातशे किलोमीटरांत काय होते याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.

"नाण्यात चार गुण आहेत," मुक्ता बोटे मोडीत म्हणाली. "ते देशभर पसरलं. थोडाच काळ चाललं. पुष्कळ सापडतं. आणि बघताक्षणी ओळखू येतं. ज्या जिवात हे चार गुण आहेत तो आमचा नया पैसा. बाकीचे सारे पाटे-वरवंटे."

आपल्याकडे लग्न जमवताना पत्रिका जुळवतात. किती गुण जुळले ते पाहतात. दगडांच्या सोयरिकीतही तोच प्रकार आहे, असे मी म्हणालो. मुक्ता म्हणाली, "फरक एवढाच, मामा, की आमच्या पत्रिका खोट्या करता येत नाहीत. फक्त हरवता येतात." मी मुकाट्याने पोहे खाल्ले.

पहिला दगड फारसा त्रास न देता सुटला. पिवळसर तांबूस वालुकाश्माचा तो तुकडा होता आणि त्यावर एका पानाचा ठसा होता. लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार नक्षी. हे ग्लॉसॉप्टेरिस. नावाचा अर्थच जिभेच्या आकाराचे. १८२८ साली फ्रान्सच्या ब्राँन्यारने हे नाव ठेवले. नागपूरजवळ कामठी आणि सिलेवाडा या भागातल्या वालुकाश्मात ही पाने सापडतात.

आम्ही सिलेवाड्याला गेलो. कन्हान नदीच्या आसपासचा हा सारा प्रदेश कोळशाचा आहे. वालुकाश्म वर आणि कोळशाचे थर त्याच्या खाली. तेव्हा हे पान ज्याला ओळखता आले त्याला पायाखाली आणखी खोलवर काय असू शकेल याचाही अंदाज करता आला. नुसत्या हौसेची ही विद्या नव्हे, हे तिथे उभे राहिल्यावर समजते.

पण या पानाची खरी थोरवी निराळीच आहे. तेच पान ऑस्ट्रेलियात सापडते, दक्षिण आफ्रिकेत सापडते, दक्षिण अमेरिकेत सापडते. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे पस्तीस पौंड दगड होते. अन्न संपत आले, पाय चालेनात, तरी त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत हेच पान निघाले! आज हे सारे भूखंड महासागरांनी तोडलेले आहेत. पण पंचवीस कोटी वर्षांपूर्वी आणि त्याही आधी ते एकत्र जोडलेले होते. त्या जोडलेल्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी आपल्याच गोंडवनाचे नाव दिले आहे. कामठीचा वालुकाश्म आणि ध्रुवावरचा वालुकाश्म यांची सोयरीक एका पानाने जुळवली.

स्कॉटच्या माणसांनी मरतानाही दगड टाकले नाहीत आणि मी मात्र... पण ते असो.

दुसरा आणि तिसरा हे जुळे भाऊ वाटावेत असे होते. दोघेही राखी रंगाचे, चकमकीसारखे कठीण. आणि दोघांतही एकच शंख. बोरापासून अंगठ्यापर्यंतच्या आकाराचे, फुगीर पोटाचे गोगलगाईचे शंख. मुक्ताने एक तुकडा माझ्या हातात दिला. "टोक वर धरा. तोंड कुठे आलं?"

"डावीकडे."

"बहुतेक गोगलगाईंचं उजवीकडे येतं. हा डावा शंख. आता देवळातल्या रीतीने टोक खाली धरा."

तोंड उजवीकडे आले. म्हणजे दक्षिणावर्ती! आमच्या आजीने हा शंख देव्हाऱ्यात ठेवला असता. याचे शास्त्रीय नाव फायसा प्रिन्सेपी. १८४० साली सॉवर्बी यांनी ते ठेवले. गोड्या पाण्याच्या तळ्यात राहणारा हा जीव.

गोड्या पाण्याचा शंख काळ्या पाषाणात आला कुठून, हे कळण्यासाठी आपल्या महाराष्ट्राची जमीन कशी झाली ते ध्यानात घ्यावे लागते. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास भेगांतून लाव्हा बाहेर पडून पसरला, थिजला, काही काळ शांत गेला, पुन्हा नवा लाव्हा आला. सह्याद्रीच्या पायऱ्या त्या थरांच्याच आहेत. मधल्या शांततेच्या काळात थिजलेल्या पाषाणावर पावसाची तळी साचली. तळ्यांत शेवाळ आले, शंख आले, मासे आले. काठावर ताड-माड उगवले. मग नव्या लाव्ह्याने हे सारे झाकून टाकले. काळ्या पाषाणाच्या दोन जाड थरांमध्ये जो पातळ पांढुरका पदर आढळतो तो त्या तळ्याचा तळ. पोळीच्या दोन पदरांत पुरण राहावे तसा तो राहून गेला आहे.

हा मधला पदर नागपूरला प्रथम नीट अभ्यासला तो दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी. १८५१ साली टाकळीच्या बाजूला फिरायला गेले असता त्यांना हे शंख दिसले. शाळा, प्रवचने, गोंडी भाषेचा अभ्यास हे सारे सांभाळून हिस्लॉप दगड गोळा करीत राहिला. १८५५ साली दोघांचा नागपूरच्या भूस्तरांवरचा निबंध लंडनला छापून आला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या ओढ्याच्या पुरात तो बुडून मेला. वय अवघे पंचेचाळीस. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्याला माहीत असते. तो माणूस माहीत नसतो.

आम्ही टाकळीला गेलो. टाकळी आता गाव राहिलेले नाही. शहराने ते पोटात घेतले आहे. इमारती, भिंती, डांबर. मुक्ता एका पायाच्या खड्ड्याजवळ थांबली आणि मातीचा ढीग चिवडू लागली. पलीकडचा रिक्षावाला बराच वेळ पाहत होता. शेवटी त्याने विचारले, "काही हरवलं का बाई? काय शोधून राहिले तुम्ही?"

"शंख," मुक्ता म्हणाली.

"इथं कुठचा समुद्र आला?" तो म्हणाला आणि मनापासून हसला.

त्या ढिगात काही सापडले नाही. ज्या पदराने मध्य हिंदुस्थानच्या साऱ्या मधल्या थरांना नातेवाईक मिळवून दिले तो पदर आता घरांच्या फरश्यांखाली आहे. लोकांना घरे हवीत, त्यांना दोष कोण देणार? पण पुस्तकाचे एकच पान उघडे असावे आणि त्यावर कुणीतरी पाट मांडून बसावे, तसे मला वाटले.

छिंदवाड्याकडे मोहगाव कलान म्हणून गाव आहे. तिथल्या चकमकी दगडात अश्मीभूत फळे, बिया, लाकूड विपुल मिळते. थोर वनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी त्या भागातल्या वनस्पतींचा पुष्कळ अभ्यास केला. तिथेही हाच डावा शंख आहे. आणि म्हणूनच तर टाकळीचा पदर आणि मोहगावचा पदर एका घराण्यातले ठरले.

"मग आपले हे दोन दगड?" मी विचारले. "टाकळीचा कोणता आणि मोहगावचा कोणता?"

मुक्ताने उत्तर दिले नाही. म्हणाली, "आधी राजमहेंद्रीला जाऊन येऊ."

नागपूरहून आगगाडी बल्लारशा, वरंगळ करीत विजयवाड्याला जाते आणि तिथून आपण वळून गोदावरीच्या काठी येतो. पण माझ्या मनात सारखा दुसराच रस्ता घोळत होता. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे नागपूरच्या मोरीत सोडलेले पाणी अखेर राजमहेंद्रीच्या घाटाला लागते. १९६७ सालच्या पुष्कराला नानाकाका आजीला घेऊन इथेच आले होते. आजीने गोदावरीत स्नान केले आणि काकांनी कातेरूच्या खाणीतून दगड उचलला. प्रत्येकाचे तीर्थ निराळे.

कातेरूला आता वस्ती झाली आहे. म्हणून मुक्ता मला नदी ओलांडून पश्चिमेकडच्या गौरीपट्टणमच्या खाणीत घेऊन गेली. परवानगी आधीच काढली होती. खाणीच्या कड्यासमोर उभे राहिलो आणि न सांगता समजले. खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण. मधे पांढुरका चुनखडीचा पट्टा. सह्याद्रीपासून इतक्या दूर, पूर्व किनाऱ्याजवळ, आपल्या दख्खनचा चिरोटा!

पण पदराजवळ गेल्यावर फरक दिसला. इथे कालवे होती. कोकणात खडकाला चिकटलेली असतात तसलीच, फक्त दगड झालेली. म्हणजे इथे तळे नव्हते. समुद्राची खाडी होती. चौथ्या दगडावर अशाच कालवांचा थर होता. चौथा दगड कातेरूचा, यात शंका उरली नाही.

"आता पेच बघा," मुक्ता म्हणाली. "गोड्या पाण्याचे शंख दख्खनच्या पदरांची आपसांत सोयरीक जुळवतात. पण जगाच्या पंचांगात त्यांची तिथी कोणती? ते शंख बाहेर कुठे नाहीतच. आपापसांत ठीक, परगावच्या माणसाने ओळखायचं कसं? हिस्लॉपने हे पदर तृतीय युगाच्या आरंभीचे धरले. साहनींनीही वनस्पतींवरून तेच म्हटलं. दुसरे म्हणत, नाही, त्याच्या आधीचे, डायनोसॉरांच्या काळातले. शंभर वर्षं वाद चालला."

"मग सुटला कसा?"

"खसखशीहून बारीक साक्षीदारांनी. समुद्रात तरंगणारे एकपेशी जीव असतात, फोरामिनिफेरा. त्यांची कवचं तळाशी साचतात. साऱ्या समुद्रांत पसरलेले, भराभर बदलणारे, मूठभर गाळात शेकड्यांनी सापडणारे. चारही गुण! तळ्यात ते नसतात, खाडीत असतात. २००८ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खाणींतल्या मधल्या पदरातले हे जीव दाखवले. ते डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळातले निघाले. म्हणजे या पदराच्या खालचा पाषाण त्या संहाराच्या सुमाराचा आणि वरचा त्यानंतरचा."

"आणि टाकळी?"

"टाकळीच्या पदरात डायनोसॉरांच्या अंड्यांची टरफलं सापडली, १९८० नंतरच्या दशकात. तेव्हा तो संहाराच्या आधीचा. आसिफाबादजवळच्या अशाच पदरात इगदाबातिस नावाच्या माशाचे दात मिळाले. त्या माशाचं वर्णन १९७२ साली आफ्रिकेतल्या नाइजर देशातल्या दगडांवरून झालं होतं, आणि तोही डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातला. परगावचा ओळखीचा माणूस मिळाला, की गावातल्या सगळ्यांची वयं लागतात."

मी त्या पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवला. आकाशातून अशनी कोसळून आणि भूमीतून आग ओकून एक जग संपले होते. आणि त्याच्या लगेच पुढच्या पानावर ही कालवे निवांत वाढत होती.

मुक्ता म्हणाली, "अजून एक सांगते, मग जेवायला जाऊ. हा खालचा आणि वरचा काळा पाषाण आहे ना, त्याची रासायनिक पत्रिका जुळते कुणाशी ठाऊक आहे? तुमच्या आंबेनळी घाटाच्या आणि महाबळेश्वरच्या पाषाणाशी. लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून इथवर वाहत आला असावा. आठशे किलोमीटरांहून अधिक."

महाबळेश्वरला आपण स्ट्रॉबेरी खायला जातो, सूर्यास्त बघायला जातो. ज्या कठड्याला टेकून फोटो काढतो त्याच्या खालच्या कातळाचा सोयरा गोदावरीच्या मुखाशी आहे, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

संध्याकाळी घाटावर बसून आम्ही पूतरेकुलू खाल्ले. जवळच्या आत्रेयपुरमची ही मिठाई. तांदळाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, मधे तूप-साखर. मुक्ताने एक पापुद्रा नखाने अलगद सुटा करून मला दाखवला आणि म्हणाली, "ही लाव्हा. साखर म्हणजे आपला पदर." शिक्षक कुठेही गेला तरी शिक्षकच.

तिथेच मी तो प्रश्न पुन्हा विचारला. दोन जुळे दगड. टाकळी कोणता, मोहगाव कोणता?

"सांगता येणार नाही, मामा," ती म्हणाली. "मी दोन्हींच्या कडेचा कपचा काढून, पातळ घासून भिंगाखाली पाहिला. दोन्हींत तोच शंख, त्याच पाणवनस्पतींची तीच बारीक फळं. फळ, लाकूड, टरफल असं वेगळं काही एकात तरी हवं होतं, ते नाही. शंख काळ सांगतो, गाव सांगत नाही. आणि गंमत बघा, तो दोन्ही गावांत सारखा आहे म्हणूनच तर पदर जुळले. ज्या गुणाने सोयरीक झाली त्याच गुणाने आपले दगड ओळखू येत नाहीत."

"अंदाजाने लिहू या ना. एकाला टाकळी, एकाला मोहगाव."

ती एकदम गंभीर झाली. "नको. चिठ्ठी नसलेला दगड मुका असतो. खोटी चिठ्ठी लावलेला दगड खोटं बोलतो, आणि पुढच्या माणसाला तो खोटं बोलतोय हे कळायला मार्ग नसतो. नानाआजोबा हे जाणत होते. म्हणून तर ते त्या प्राध्यापकांकडे गेले नाहीत. त्यांनाही आठवणीने आकडे घालता आले असते. पानाचा दगड आणि कालवांचा दगड तर त्यांनी तेव्हाही ओळखला असता. पण या दोघांबद्दल खात्री नव्हती. आणि खात्री नसलेली चिठ्ठी त्यांनी लावली नाही."

गोदावरीचे पाणी संथ चालले होते. त्यात कुठेतरी नाग नदीचेही पाणी असेल असे मनात आले. 'बिनपत्त्याची पाकिटं' हे शब्द मला तेव्हा नीट ऐकू आले. मला वाटले होते काका माझ्यावर रागावले. ते रागावले नव्हते. ते फक्त खोटे बोलायला तयार नव्हते.

या दिवाळीला मुक्ता पुण्याला आली. येताना संत्री आणली आणि तो डबाही आणला. वाडा जाऊन तिथे इमारत उभी राहिली आहे. पण गच्चीवर नातवंडांनी किल्ला घातला आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही दोघांनी बसून चार चिठ्ठ्या लिहिल्या. या खेपेला आकडा चिठ्ठीवर घातला, दगडाच्या मागच्या अंगाला पक्क्या रंगाने घातला आणि वहीतही घातला.

एक: सिलेवाडा. पान.

चार: कातेरू. कालवे.

आणि उरलेल्या दोघांच्या चिठ्ठ्यांवर मुक्ताच्या सांगण्यावरून माझ्या अक्षरात सारखेच लिहिले आहे: 'दोन लाव्हांमधल्या तळ्याचा पदर. डावा शंख. काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षे. टाकळी किंवा मोहगाव. कोणते ते नक्की नाही. मूळ चिठ्ठी १९६७ साली धुण्यात गेली. धुणारा: खाली सही करणार.'

खाली मी सही केली आहे.

धाकटा नातू बराच वेळ टक लावून पाहत होता. म्हणाला, "आजोबा, या दगडांचा बुरूज छान होईल."

"होईल," मी म्हणालो. "पण आधी इकडे ये. त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव."